चौतीसची कंबर

ता. ९ मार्च, रविवार

प्रिय छोट्या,

आशीर्वाद आहेतच, ते काही पोस्टाने पाठवावे लागत नाहीत. इकडे सगळे बरे. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो आणि ती गुडघ्यापेक्षा जास्त. शाळेच्या गणवेशांचं काम आल्यामुळे मशीनला उसंत नाही. त्यातूनही तुझ्या बसच्या ड्यूटीच्या दोन पॅन्ट शिवल्या, सोबत पाठवतोय. घालण्याआधी पत्र पुरतं वाच.

परवा तुझ्या बायकोचा फोन आला होता. तुला चोरून केला, तिच्यावर डाफरू नकोस. लघवीसाठी भरली बस थांबवून उतरावं लागतं, उतरलास तरी धार अडते, झोप धड होत नाही, असं सांगताना तिला रडू आलं. मग डॉक्टरांचा विषय निघाला. त्यांनी प्रोस्टेट वाढल्याचं सांगितलं, पोट सुटलंय म्हणाले, साखर तपासायला चिठ्ठी दिली आणि तू उखडलास. "पोट कुठलं सुटलंय? लग्नापासून कंबर चौतीस आहे माझी. माझा दादा शिंपी आहे, विचारा त्याला." एवढं सुनावून चिठ्ठी टेबलावर टाकून निघून आलास म्हणे.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय बोललो असतो, देव जाणे.

मीही मागच्या महिन्यात डॉक्टरांकडे जाऊन आलो. माझंही तुझ्यासारखंच चाललं होतं, वयाच्या नावावर खपवत होतो. तिथल्या नर्सने पोटाला टेप लावली आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या कंबरा मोजणाऱ्या मी चक्क पोट आत ओढलं. ती हसली, म्हणाली, "काका, श्वास सोडा." नंतर डॉक्टरांनी समजावलं की पोटातली चरबी, साखर आणि प्रोस्टेट यांचं बऱ्याचदा साटंलोटं असतं. दुर्लक्ष केलं तर एखाद्या दिवशी लघवी पार अडून बसते आणि मग धावपळ होते. मला गोळ्या दिल्यात, चालायला लावलंय. हे तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. का कळवलं नाही, ते आता लिहितो.

छोट्या, तुझी कंबर चौतीस नाही. कित्येक वर्षं नाही.

बसवर लागलास त्याच्या पुढच्या वर्षी माप द्यायला आलास. टेप चौतीसच्या पुढे गेली. तू विचारलंस, "दादा, फुगलो नाही ना रे?" तुझा चेहरा बघून मी आकडा गिळला आणि चौतीस म्हणालो. तिथून पुढे मागच्या शिवणीत कापड जास्त सोडत गेलो, ते पुरेना तेव्हा कमरेच्या पट्टीच्या आत इलॅस्टिक लपवलं. तू मित्रांना पोट थोपटून दाखवायचास आणि मला बरं वाटायचं. गिऱ्हाईक आरशासमोर खूश झालं पाहिजे, हे बाबांनीच शिकवलं होतं. पण तू गिऱ्हाईक नव्हतास.

लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. फोन ठेवल्यावरसुद्धा पहिली पॅन्ट मी तशीच शिवली, आत इलॅस्टिक घालून. गुंडी लावताना तुझं डॉक्टरांशी झालेलं भांडण आठवलं. तू माझ्या जिवावर भांडलास. मग सगळी शिवण उसवली आणि पुन्हा बसलो.

आता दोन्ही पॅन्टच्या पट्टीला आतून खरा आकडा शिवलाय. बेचाळीस. विश्वास बसत नसेल तर माझी टेपही पाकिटात घातलीय. बायकोला धरायला सांग आणि श्वास सोड.

गुरुवारी माझं दुकान बंद असतं. मी येतोय, दोघं मिळून ती चिठ्ठी परत मागू. माझ्यावर राग काढायचाच आहे, तर तपासणी झाल्यावर काढ. मी तिथेच बाकावर बसलेला असेन.

तुला आठ इंच फसवणारा,
दादा