मानाचा बैल

बोरी, पोळा, १९५६

तळहात अजून चुरचुरतोय.

सकाळी पारावर पेपर वाचून दाखवला. विलायतेत एक लॉर्ड मेला आणि एकही मत न मागता पोरगा बापाच्या जागी पार्लमेंटात जाऊन बसला. सगळे हसले. मीच लय हसलो.

दुपारी निरोप आला, निवडणुकीचं तिकीट देशमुखांच्या पोराला. मी निजामाच्या तुरुंगात होतो तेव्हा हा हैदराबादेत क्रिकेट खेळत होता! जाऊ दे. का म्हणून जाऊ दे?

संध्याकाळी वेशीत बैल सजून उभे, पण तोरण तुटेना. तोरणाखालून पहिला जाणारा देशमुखांचा मानाचा बैल यायचा होता. मी ओरडलो, "जहागिऱ्या गेल्या, आता कुनाची वाट बघायलाव?" आणि आमचा पवळ्या पुढं ओढला. माझ्याच बापानं कासरा मागं खेचला. तळहात सोलला तो तिथंच.

"मानाचा बैल आल्याबिगर कसं?" म्हणाला.

मग आला. बैलाला धरून पोरगा, नव्या कोऱ्या खादीत. मागं थोरले देशमुख, धडधाकट. तोरण तुटलं. माझ्या बापानं त्या पोराला वाकून रामराम घातला, वर मला म्हणाला, "मत बी ह्यांनाच द्यावं लागंल."

विलायतेत निदान बाप मरावा तरी लागतो.