आई खाली यायला तयार नाही

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा साष्टांग घातला असं समज.) भावोजींचा गुडघा वाकायला लागला का? लागला असेल तरी त्यांना इकडे आणू नकोस. इथला प्रत्येक रस्ता चढाचाच आहे, परत येतानासुद्धा. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच हसतेस आणि मग मला पुढचं सांगवत नाही.

बाबा गेल्यापासून आई गप्प असते, तिला थंड हवेला ने, हा तुझाच हुकूम. त्याप्रमाणे तिला घेऊन बसने निघालो. मी पडलो लोकांना गाडी शिकवणारा. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी जादा ब्रेक असतो. तो दाबायची इतकी सवय झाली आहे की घाटातल्या प्रत्येक वळणाला मी बसचा पत्रा दाबत होतो. बस काही थांबेना, आणि माझं पोट काही जागेवर राहीना. शेवटी व्हायचं ते झालं. आईने पिशवी धरली, पाठीवरून हात फिरवला आणि शेजारच्या बाईंना कौतुकाने सांगितलं, की हा ड्रायव्हिंग शिकवतो. ताई, हे तेव्हाच सांगायची गरज नव्हती.

गावात गाड्यांना बंदी. लॉजची पाटी बस थांबते तिथे आणि लॉज पार वर टेकडीवर. सामान घेऊन चढताना मी आईला सारखं विचारत होतो, दमलीस का? ती बरीच पुढे होती, त्यामुळे ओरडून विचारावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी रोपवेत बसलो. पाळण्यात आम्ही दोघं आणि बाजारात लोकरीचं दुकान असलेल्या एक बाई. मधोमध गेल्यावर पाळणा थांबला. खाली दरी, तीही धुक्यामुळे अर्धीच दिसत होती, म्हणजे उरलेली किती खोल ते मनानेच ठरवायचं. (मी सढळ हाताने ठरवली.) बाई म्हणाल्या, वीज गेली असेल, येईल, आणि त्यांनी विणायला काढलं. आई काचेला नाक लावून उभी. मी तिला म्हटलं, खाली बघू नकोस. त्यावर ती मागे न वळताच बोलली.

“तुझ्या बाबांना उंचीची भीती वाटायची. मला कधीच वाटली नाही. पण ते घाबरलेले असताना मी एकटीने काय मजा बघायची? म्हणून मीही घाबरायचे.”

आठव ना ताई, लहानपणी आपण सदा तळ्याकाठी नाहीतर बागेत जायचो. आईला चक्कर येते म्हणून तू तर गच्चीवर झोपायचा हट्टही सोडलास. तिला चक्कर कधी आलीच नव्हती.

पाळणा सुरू झाला, आणि आईसुद्धा. घोड्यावर बसली, कड्याच्या टोकाला जाऊन आली, अनोळखी माणसांकडून स्वतःचे फोटो काढून घेतले. मी मागून स्वेटर घेऊन धावत होतो. निघायच्या दिवशी पाहतो तर तिने बॅग भरलीच नव्हती. लोकरवाल्या बाईंच्या दुकानावरची खोली रिकामी आहे, तिथे ती राहणार आणि दुकानात बसणार. मी थंडी सांगितली, वय सांगितलं, लोक काय म्हणतील तेही सांगितलं. लोकरीचा गुंडा करत तिने सगळं ऐकून घेतलं.

“घरी तू येता-जाता विचारतोस, बरं वाटतंय ना? मग मलाच वाटायला लागतं, की नसावं. इथे कोणी विचारत नाही रे.”

त्यावर मी पुष्कळ विचार केला. आई दुःख नीट करते आहे ना, यावर आपण दोघांनी पहाराच बसवला होता. मी दारात उभा राहून, तू फोनवरून. तेव्हा राहू दे तिला. माझी काही तक्रार नाही. मी अगदी निश्चिंत आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. आईशी बोलशील तेव्हा कधी येणार, एवढं सहज विचार. मी विचारायला लावलं हे कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. तुला म्हणून सांगतो, मी अजून इथेच आहे. आईचा निरोप घेऊन स्टँडपर्यंत गेलो आणि दुकानासमोरच्या लॉजवर उतरलो. खिडकीतून ती दिसते. गिऱ्हाईक नसलं तरी हसत असते. आज लॉजवाल्याने एक कानटोपी आणून दिली, समोरच्या आजींनी विणून पाठवली म्हणाला. निरोप होता, खिडकी लावून बस, वारा लागेल. तेव्हा तू मला जरा रागावून घरी बोलावून घे. आपणहून निघायला माझा पाय उचलत नाही.