व्याह्यांचा दात

४ मार्च

आधी तब्येती. हिचा गुडघा कालच्यापेक्षा बरा, असं ती म्हणते. जिना मात्र अजून त्याला शिव्या देतच चढते. लेकीचा खोकला गेला. जावयाचं पित्त आहे तिथंच आहे, बहुधा ते पोटात नसून स्वभावात असावं. विहीणबाईंचा रक्तदाब गोळीवर टिकून. व्याह्यांना काय धाड भरलीय, ते ठणठणीत. राहिलो मी. कान जरा कमी, डोळे बरेच कमी, दात पूर्ण – वरचे आणि खालचे, दोन्ही मीच केलेले.

आज व्याही स्वतः आले. चष्म्याच्या डबीत कापूस, कापसात तो दात. पाणीखात्यात असताना नळाच्या चरात सापडलेला. लेकीचं लग्न ठरलं तेव्हापासून मी हा दात ऐकतोय. ऐकतोय म्हणजे खरंच ऐकतोय, कारण दाखवायचे ते लांबूनच, जणू तो अजून चावेल! घरी आलेला पाहुणा पाणी पिऊन होण्याच्या आत डायनासोरपर्यंत पोचलेला असायचा.

आता संग्रहालयात नवं दालन होतंय. तिथं दात ठेवणार, खाली पाटी, ‘मोठ्या मांसाहारी डायनासोरचा दात’, आणि त्याखाली व्याह्यांचं नाव. नाव डायनासोरपेक्षा मोठ्या अक्षरात असेल, अशी मला खात्री आहे. देण्याआधी घरच्या काचेच्या कपाटासाठी हुबेहूब नक्कल हवी. "कवळ्या करण्यात तुमच्यासारखा हात दुसरा नाही," म्हणाले. व्याही स्तुती करायला लागले की माणसानं आधी खिसा चाचपावा.

पण दात हातात दिला. पहिल्यांदाच. जाताना दारातून दोनदा वळून बघितलं. लेक सासरी पाठवताना मीसुद्धा एवढं बघितलं नव्हतं.

५ मार्च

दिवसभर मागच्या खोलीत. दात करंगळीएवढा लांब, अंगठ्याहून जाड, रंग जुन्या गुळासारखा. जन्मभर लोकांच्या तोंडात हात घातले, पण असा ऐवज कधी हाती आला नाही.

या प्राण्यांना आयुष्यभर नवे दात फुटत, जुने गळत. मूळ नसलेला दात सापडला तर समजायचं की प्राणी मेला नव्हता, नुसता जेवत होता! याला मूळ नाही. म्हणजे कुणाचा तरी चावा घेताना पडला, आणि मालक तसाच पुढे गेला – ना दाढदुखी, ना कवळी. आमचा धंदा तेव्हा निघाला नाही तेच बरं, उपाशी मेलो असतो.

दातावर माती, आणि कडेला खरखरीत कीटण. घाणेरड्या दाताचा साचा घ्यायचा नाही, ही आमची पहिली शिस्त. चाकावर पॉलिशचा कापडी बफ लावला, घासायची ओली प्युमिस पावडर घेतली आणि कवळीसारखा चकचकीत केला. मग साचा घेतला. आरसा बघावा असा झालाय. संग्रहालयवाले मला दुवा देतील.

६ मार्च

नक्कल सुरेख उतरली. पण मनात एक किडा वळवळायला लागला. वाचनालयातून आणलेल्या डायनासोरच्या पुस्तकात सरळ लिहिलंय, मोठ्या मांसाहारी डायनासोरचा दात चपटा आणि कडेला पाव कापायच्या सुरीसारखे बारीक दाते. तो चावत नसे, करवतत असे. दात मोडका का असेना, नख फिरवलं की करकर लागायला हवं.

नख फिरवलं. लोण्यासारखं सरकलं! शिवाय दात जाडजूड, बुंधा गोलसर, त्याच पुस्तकातल्या मगरीच्या दातासारखा.

मगर. व्याह्यांनी एवढी वर्षं आम्हाला मगर खपवली!

हसू आवरेना. हिला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आपलेच दात, आपलेच ओठ. लेक दिलीय त्या घरात. तोंड शिवून घ्या."

घेतलं.

९ मार्च

टाके उसवले.

लेकीकडे सगळे जेवायला. जेवणाआधी व्याह्यांच्या हातात डबी दिली. त्यांनी दात काढला, अंगठा कडेवरून नेला. पुन्हा नेला. चमक बघून दिपले असावेत. मी म्हटलं, "पाहिलीत चकाकी?" तर मान हलवली आणि डबी खिशात. दाताबद्दल चकार शब्द नाही. विहीणबाईंनी चमकून त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आज उपास असेल जिभेचा.

तेवढ्यात जावई पाटीबद्दल बोलायला लागला. डायनासोरचा अमुक, डायनासोरचा तमुक. मी दोन घास गप्प राहिलो, देवाशपथ. तिसऱ्याला म्हणालो, "ती मगर आहे हो."

सगळ्यांचे हात थांबले. मग काय, मी उघडलेला नळ. दात कसे असतात, कडा कशा असतात, सगळं. वर म्हणालो, "काढा दात, फिरवा बोट, विश्वास नसेल तर." जावयाने मागितला, व्याह्यांनी निमूट दिला. दात पंक्तीभर फिरला, चटणीसारखा. जावई बोट फिरवून वडिलांना म्हणाला, "गुळगुळीत आहे, अण्णा." कुणीतरी हसलं. लेक नव्हे.

व्याही पाणी प्यायले. म्हणाले, "व्याही म्हणतात तर मगर असेल. आपल्याला कुठं कळतंय. नको द्यायला संग्रहालयात." आणि हिला विचारलं, "गुडघा कसा आहे तुमचा?"

शिकलेल्या माणसाची मोठेपण मिरवायची हौस एका घोटात उतरवली मी. घरी येईपर्यंत छाती फुगलेली.

१० मार्च

लेकीचा फोन. "बाबा, काय मिळवलंत? अण्णा सकाळपासून कपाट रिकामं करून बसलेत. आता पाहुणे आले की मला घरात बघवणार नाही." मी म्हणालो, खरं ते बोललो. ती म्हणाली, "खरं बोलायला तुम्हाला माझंच सासर सापडलं?"

फोन ठेवला तिनं. खोकला परत आलाय.

११ मार्च

ही बोलत नाही. जिन्याच्या वाट्याच्या शिव्या मला.

१३ मार्च

संग्रहालयातल्या बाईंचा फोन. नकलेचं त्यांच्या कानावर होतं, म्हणून त्यांना वाटलं, दात माझ्याकडेच आहे. "काका, दालन उघडायला आलं, तुमचे व्याही म्हणतात देणार नाही. काय झालं?" मी ऐटीत म्हणालो, तुमची लाज वाचवली, नक्कल माझ्याकडेच राहिलीय, या बघायला.

बाई आल्या. वय माझ्या लेकीएवढं, हसरी मुलगी. नक्कल खिडकीपाशी नेली, फिरवली, हसू गेलं. पिशवीतून फोटो काढले. व्याह्यांनी पहिल्यांदा दात नेऊन दाखवला, तेव्हा भिंगातून घेतलेले.

फोटोत कडेवर दाते. बारीक, एकसारखे, ओळीनं, शिंप्याने काढल्यासारखे.

"जबड्याच्या पुढचा दात आहे काका, म्हणून जाड. पुढचे तसेच असतात. पण कडा बघा, काय सुंदर! अशी जपलेली कड मी हातात घेतली नव्हती." मग हळूच, "हा कुणी घासला का?"

कीटण. मी ज्याला कीटण म्हणालो, ते दाते होते. त्या प्राण्याला त्यांच्यावर पोट भरता आलं, जमिनीला ते पुसता आले नाहीत, आणि माझ्या बफाने एका दुपारी साफ केले. वर त्यांच्याच नसण्यावरून मी भर पंक्तीत निकाल दिला!

बाईंना सांगितलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं होतं. म्हणाल्या, "फोटो आहेत, त्यामुळे दात अजूनही मोलाचा आहे. पण व्याह्यांना पटवायला हवं."

हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या जाऊन सांगा. आणि पुस्तक नेऊ नका."

१४ मार्च

गेलो. व्याही धाकट्या मुलाकडे गेलेत, आठवडाभर. विहीणबाईंना म्हटलं, एक चूक झालीय माझ्याकडून. त्यांनी पुढचं बोलूच दिलं नाही.

"दाते घासले गेले, तेच ना? यांना अंगठा लावताच कळलं. ती कड रोज चाचपायचे हो, जप केल्यासारखी. त्या दिवशी मी डोळ्यांनी विचारलं, तर मानेनेच नको म्हणाले. रात्री बोलले – लेकीच्या बापाला लेकीच्या ताटावर खाली बघायला लावायचं? आणि संग्रहालयात दिला की बाई विचारणारच, कुणी घासला. त्यापेक्षा मगर बरी."

पाणी पुढे केलं त्यांनी. पेला बाजूला सारून कागद मागितला.

तिथंच बसून व्याह्यांना चिठ्ठी लिहिली, धाकट्याकडे पाठवायला. दात डायनासोरचाच. घासला मी. संग्रहालयात द्या, आणि पाटीवर तुमचं नाव हवं तेवढं मोठं घाला. रागवायचं असेल तर रागवा, पण दालन उघडायला आलंय, उत्तर लवकर पाठवा.