स्पंजाला घातलेला वारा

तीर्थस्वरूप मामीस,

खुर्चीत बसूनच, पण मनापासून साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत. तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तू ‘ठणठणीत’ असंच कळवणार, आणि जिना चढताना तू तीनदा थांबतेस हे ताईने आधीच कळवलंय. (तिच्यावर रागावू नकोस. तुझीच मुलगी ती, पोटात काही ठेवणं तिला कुठून जमणार?) डॉक्टरांनी पाठवलेलं प्राणवायूचं यंत्र तू कोपऱ्यात ढकललंस, त्यावर चादर घातलीस आणि आता वर इस्त्रीचे कपडे ठेवतेस, हेही कळलं. पण त्या यंत्राबद्दल पत्रात चकार शब्द काढणार नाही, असं मी ताईला कबूल केलंय. तेव्हा आता फक्त माझी फजिती.

तुला माहीतच आहे, समुद्री जीवांच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला आणि टाक्यांवर लक्ष ठेवायला मी आहे. तिथे मला सगळे ‘खिडकी’ म्हणतात, कारण कुठल्याही खोलीत शिरलो की आधी खिडकी उघडतो. (हे तुझंच देणं. मला लहानपणी दम लागला की तू आधी खोलीतली माणसं हाकलायचीस, मग खिडक्या सताड उघडायचीस आणि मग माझ्याच गणिताच्या वहीने तासन्‌तास वारा घालायचीस. त्या वहीचा तेवढाच उपयोग झाला.) तर आमच्या डॉक्टरबाईंनी, म्हणजे औषधाच्या नव्हे, संशोधनाच्या, दोन महिन्यांपूर्वी एक नवा प्रयोग मांडला. त्यांचं म्हणणं असं की साठ-सत्तर कोटी वर्षांपूर्वी समुद्रात प्राणवायू अगदी जेमतेम होता. मग पहिले प्राणी आले ते प्राणवायू वाढल्यावर, की आधीच होतं त्यात भागवून नेत होते? हे बघायला त्यांनी समुद्रातला एक जिवंत स्पंज काचेच्या पेटीत ठेवला. (भांडी घासायचा नव्हे. हा खरा प्राणी आहे, फक्त हालत नाही, बोलत नाही आणि दिवसभर पाणी गाळत बसतो.) पेटीत नायट्रोजनची नळी सोडून आतला प्राणवायू अगदी कमी केला आणि रजिस्टरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं: झाकण उघडू नये.

मामी, मी वाचलं नाही असं नाही. पण जेवणाच्या सुट्टीत त्या खोलीत मी आणि तो दोघेच. मी डबा उघडला की मला घास जाईना. समोर एक जीव कोंडलेला आणि मी भाजी-पोळी खातोय! पहिल्या दिवशी नुसतं झाकण उचललं. दुसऱ्या दिवशी नळीही बंद केली. तिसऱ्या दिवसापासून डाव्या हाताने वारा घालायला लागलो, आणि तोही त्याच रजिस्टरने, कारण हाताशी दुसरं जाड काही नव्हतं. डबा संपला की सगळं पूर्ववत. आपण एक पुण्यकर्म करतोय अशा थाटात मी हात धुवायला जात असे.

माझ्या डोक्यात एवढं आलंच नाही की पेटीतला मीटर तासातासाला आपणहून नोंद करतो. तीन आठवड्यांनी बाईंनी मला हाक मारली. चेहरा असा फुललेला की मला वाटलं पगार वाढला. भिंतीवर लांबलचक आलेख, आणि त्यावर रोज दुपारी एक वाजता प्राणवायूचा उंचवटा. बाईंना वाटलं, या स्पंजाला दिवसाचं काही घड्याळ आहे, आजवर कुणाच्या लक्षात न आलेलं. मोठमोठ्या विद्वानांच्या परिषदेला पाठवायचा निबंधही तयार होता. फक्त एक कोडं सुटत नव्हतं. “हा रविवारी का गप्प बसतो?” त्यांनी मला विचारलं.

रविवारी मला सुट्टी असते.

गप्प राहिलो असतो तर नोकरी शाबूत होती, पण बाईंची चारचौघांत शोभा झाली असती. सांगून टाकलं, वाऱ्यासकट. बाई स्टुलावर बसल्या, चष्मा काढला, बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, “वारा घालत होतात? स्पंजाला?” आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मला काढलं नाही, वर तक्रारही केली नाही. निबंध फाडला, झाकणाला सुतळी बांधली आणि तीन आठवडे पुन्हा पहिल्यापासून. त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही. आणि स्पंज? माझ्या वाऱ्याशिवाय टुणटुणीत! एवढ्याशा प्राणवायूवर त्याचं छान चाललंय. बाई सांगतात, काही जाणत्यांच्या मते असल्या प्राण्यांनीच पाणी गाळून गाळून समुद्र निवळवला, म्हणून पुढे खाली खोल पाण्यातही प्राणवायू टिकला आणि मागून येणाऱ्यांची सोय झाली. हे ऐकताना मला तुझी आठवण आली. तुझ्या घरात आम्ही पाच भावंडं वाढलो, आणि तुझ्या वाट्याला काय उरायचं हे आम्ही कधी विचारलं नाही.

सर्वांना नमस्कार आणि आशीर्वाद, ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे.

तुझा,
खिडकी

ता. क. ताईला कबूल केलं होतं ते पत्राबद्दल. पत्र वर संपलं. मामी, थोडक्यात भागतं ते एका जागी बसून राहणाऱ्याचं. जो हिंडतो, धावतो, त्याला प्राणवायू जास्त लागतो, असं बाई म्हणतात. तू पहाटे पाचला उठतेस, दोन जिने झाडतेस आणि शेजारच्या बिऱ्हाडालाही शिस्त लावतेस. तू स्पंज नाहीस. कपडे उचल, चादर काढ आणि त्या यंत्राची नळी नाकाला लाव. मला तू अजून पुष्कळ वर्षं हवी आहेस.

ता. क. दुसरा. या रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. नळी लावलेली दिसली नाही, तर उशाशी बसून संध्याकाळपर्यंत वारा घालीन. बाईंना विचारून रजिस्टर बरोबर घेतलंय.