चेंडू जिथे नसतो तिथे

ॲन आर्बर
सप्टेंबर १९८६

प्रिय शैलू,

आजवर मी तुला पत्राची एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. पत्रं लिहायची ती तुझ्या बाबांनी, तीही ऑफिसातल्या टाइपरायटरवर, इंग्रजीत, खाली 'ऑल द बेस्ट' म्हणून. मी आपली रविवारची फोनवाली. पण हल्ली तू फोन उचलत नाहीस. ते मशीन बोलतं, तुझ्याच आवाजात, आणि मग 'बीप' वाजतो. "हॅलो, मी आई," एवढं म्हणते आणि फोन ठेवते. तुझ्या त्या मशीनमध्ये अशा किती 'मी आई' साठल्या असतील, देव जाणे.

तुला फुटबॉलच्या संघातून काढल्याचं तू मला सांगितलं नाहीस, राजीवने सांगितलं. राजीव म्हणजे वरच्या खोलीत भाड्याने राहतो तो नागपूरचा मुलगा, इथे पीएच.डी. करतो. सकाळी चहाबरोबर खेळाचं पान वाचायची त्याची सवय. त्या दिवशी पेपर काखेत मारून तो धुतलेला कप पुन्हा धुवायला लागला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "काकू, शैलेंद्रला रिलीज केलंय. अगदी छोट्या अक्षरात आलंय. सॉरी यार... म्हणजे, सॉरी काकू." कानकोंडा झाला बिचारा. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. "आय ॲम फाइन, आई. एव्हरीथिंग इज फाइन." मी वाट बघत राहिले, आता सांगशील, मग सांगशील. तू इकडची हवा विचारलीस. मी हवा सांगितली. तो तुझा शेवटचा फोन.

इकडे झाडांची पानं पिवळी पडायला लागली आहेत. शनिवारी युनिव्हर्सिटीची मॅच असली की आपल्या दारावरून स्टेडियमकडे माणसांची रीघ लागते. लताकाकू इथे होत्या तोवर आम्ही दोघी पायरीवर बसून ती जत्रा बघायचो. त्या आता मुलाकडे दूर फ्रीमाँटला गेल्या, कायमच्या. मग मी पडदा ओढून आत बसते. तुझी ती जेवायची खुर्ची, बाबांनी खालून लोखंडी पट्ट्या मारून दिलेली, अजून तिथेच आहे. राजीव तिच्यात बसला की कपाटात हरवल्यासारखा दिसतो.

तुझं हे हाडपेर माझ्या माहेरचं. तुझा एकनाथमामा दारातून वाकून आत यायचा. पण साताऱ्यात त्याचं कौतुक व्हायचं आणि इथे तुझं व्हायचं हसू. लताकाकूंच्या बेसमेंटमध्ये रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग भरायचा, आठवतो? तिथल्या छोट्या खुर्चीत तू एकदा असा अडकलास की खुर्चीसकट उभा राहिलास. सगळी पोरं खिदळली, तूही हसलास, आणि गाडीत मागच्या सीटवर तोंड फिरवून रडलास. मी आरशात बघत होते. पुढे शाळेतला तो कोच आला, या धडका मारायच्या अमेरिकन फुटबॉलचा. प्रॅक्टिस नेमकी रविवारची. बाबा म्हणाले, "त्याची अक्षरं सुटतील." मी म्हटलं, सुटू देत. पोरगं पहिल्यांदाच कुठेतरी मापात बसतंय.

आणि मग ज्या घरात अंडं कधी शिजलं नव्हतं, तिथे मी एका वेळी डझनभर अंडी फोडायला शिकले. चिकन करायला शिकले ते नाकाला पदर लावून. बाबा मुकाट्याने आपलं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जायचे आणि तुझं झालं की तुला विचारायचे, "पोट भरलं का रे?"

व्यावसायिक संघात गेल्यावरची तुझी पहिली मॅच तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. शाळेत होतास तेव्हा शुक्रवारी माझी लॅबमध्ये संध्याकाळची पाळी असायची, आणि कॉलेजसाठी तर तू पार परराज्यात गेलास. त्यामुळे मैदानात बसून मॅच बघायची आमची ती पहिलीच वेळ. बाबांनी थर्मासमध्ये चहा आणलेला. खाली तुम्ही पाच जण एक हात जमिनीला टेकवून वाकलेले, मागे तो चेंडू फेकणारा पोरगा, समोर डोंगरासारखी माणसं. तुम्ही त्या डोंगरांना अडवायचं आणि टाळ्या त्या पोराला. माझा जीव तुझ्यातच. इतक्यात रेफरीने माइकवरून काहीतरी पुकारलं आणि त्यात तुझा नंबर आला. सिक्स्टी-सिक्स! एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये माझ्या मुलाचा नंबर! मी ताडकन उभी राहिले, टाळ्या काय वाजवल्या, हवेत तुझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं काय मोडली. बाबाही थर्मास बाजूला ठेवून उभे राहिले. आजूबाजूचे सगळे तुमच्याच गावचे लोक, आणि सगळे हुर्यो करत होते. मागचा एक जण बिअर सांडेपर्यंत हसला.

नंतर गाडीत तू सांगितलंस, "आई, माझा नंबर फक्त मी फाउल केला की अनाउन्स करतात." मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं. बाबांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "म्हणजे दिवसभर ज्याचं नाव कोणी घेतलं नाही, त्याचं काम चोख झालं. चांगला हिशेब आहे." त्या दिवसापासून आमच्या घरात तोच हिशेब चालू झाला. रविवारी टीव्ही बंद करताना बाबा समाधानाने म्हणायचे, "आज नाव आलं नाही. पोरगं नीट खेळलं."

बाबा गेले तेव्हा तू आलास. कोटाचं बटण लागत नव्हतं तुला. लोक भेटायला येत होते, आणि तू त्यांच्याशी बोलायचं सोडून फावडं घेऊन बाहेर गेलास. आपल्या दारातला बर्फ काढलास, मग शेजारच्यांच्या, मग सबंध गल्लीतला. लताकाकू म्हणाल्या, "अगं, त्याला आत बोलाव." मी म्हटलं, ढकलू दे त्याला. त्याला रडता येतं ते असंच.

त्यानंतर रविवारी मी एकटीच टीव्हीसमोर बसायला लागले. शैलू, तुला खरं वाटणार नाही, पण एवढ्या वर्षांत मी त्या खेळातला चेंडू पाहिलेलाच नाही. कोण जिंकतं तेही मला शेवटी कळतं. चेंडू जिथे नसतो तिथे मी बघते, कारण तू तिथे असतोस. गेल्या वर्षी तुझा गुडघा गेला त्या दिवशीही तसंच. तुमच्या त्या मागच्या पोराने लांबवर चेंडू फेकला, कॅमेरा त्याच्यामागे धावला, लोक नाचायला लागले. पण कॅमेरा वळता वळता पडद्याच्या कडेला मला दिसलं, एक जण खाली पडला होता आणि उठत नव्हता. मी टीव्हीच्या काचेवर हात ठेवला. तिकडे जल्लोष चाललेला आणि इकडे मी एकटी ओरडत होते, अरे, मागे बघा, मागे कोणीतरी पडलंय! जाहिराती संपल्यावर त्यांनी तुझं नाव घेतलं, तेही चुकीच्या उच्चारात.

ऑपरेशनला मी आले होते, पण आठवड्याभरात तू मला परत पाठवलंस. "आय कॅन मॅनेज, आई." वर्षभर तू मॅनेजच करत राहिलास. आणि मी ते खरं मानलं, किंवा मानायचं ठरवलं.

या मोसमातल्या पहिल्या रविवारी सवयीने मी टीव्ही लावला. तुझ्या जागी दुसरंच पोरगं वाकलं होतं. नंबरही दुसरा. चांगला खेळला असावा, कारण त्याचं नाव आलं नाही. त्याचीही आई कुठेतरी बघत असेल, असं वाटलं आणि मला एकदम रडू फुटलं. तुझ्या नोकरीसाठी नव्हे रे. त्या वेळी तूही कुठल्याशा खोलीत, तो सुजलेला पाय उशीवर ठेवून, एकटाच हे बघत असशील म्हणून.

नाव आलं नाही म्हणजे सगळं नीट, हा बाबांचा हिशेब मैदानापुरता ठीक होता. फोनला तो लागू पडत नाही. तुझी ही शांतता नीट असल्याची नाही, हे मला इथे बसून कळतं. तू पडला आहेस, आणि सगळे चेंडूमागे निघून गेलेत. मी नाही गेले. मी अजून तिथेच बघते आहे.

राजीव मला घेऊन तुझ्याकडे यायला तयार आहे. "काकू, वीकेंडला ड्राइव्ह करून जाऊ," म्हणाला. पण मी दारात आले तर तू पुन्हा 'मॅनेज' करून दाखवशील. मग म्हणाला, "लेटर तरी इंग्लिशमध्ये टाइप करून देतो, शैलेंद्रला देवनागरी कुठे वाचता येतं?" मला ठाऊक आहे, नाही येत. तुझी अक्षरं मीच सुटू दिली. या पत्रातलं तुला फार तर तुझं नाव ओळखू येईल. पण इंग्रजीत लिहिलं असतं तर तू ते वाचून, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं असतंस आणि मला हवा विचारली असतीस. म्हणून हे सगळं मराठीत लिहिलं. पाकिटाच्या मागे मात्र एकच ओळ इंग्रजीत लिहिली आहे: हे पत्र घेऊन घरी ये, मी वाचून दाखवते. तेव्हा आत्ता हे तुझ्या कानावर पडत असेल, तर तू आपल्या स्वयंपाकघरात, त्या पट्ट्या मारलेल्या खुर्चीत माझ्यासमोर बसला आहेस. आलास, बरं केलंस. तो पाय समोरच्या स्टुलावर ठेव. उठू नकोस, मी वाढते.

तुझीच,
आई