कपाटावरचा डबा

प्रिय बारक्या,

प्रिय हा शब्द तुझ्या वहिनीने सुचवला. माझ्या मनात दुसरा होता, तो कागदावर शोभला नसता. पुढे काय लिहिलंय ते तिला माहीत नाही, तिला स्वयंपाकघरात पिटाळलंय. पत्र बघून तू हसशील. हस. फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस, आणि आई कॉटवर पडल्या पडल्या कान टवकारून असते. कागद मध्ये बोलत नाही आणि फोन आपटत नाही. मी सातवी शिकलेला माणूस, चुका असतील. त्या मोजत बसू नकोस, ती तुझी सवय इथे तरी नको.

आधी तुझं म्हणणं नीट मांडतो, म्हणजे नंतर म्हणायला नको की दादाने फिरवून सांगितलं. पंचवीस दिवसांपूर्वी, मंगळवारी दुपारी आई हॉलमध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. मी घरी नव्हतो. तेव्हापासून तू फोनवर फोन करून सगळ्या नातेवाइकांत दवंडी पिटतोयस की दादाने म्हातारीला वाऱ्यावर सोडलं. वृद्धाश्रमाचा फॉर्म तू भरून तयार ठेवलायस. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी मामा येणार, तू येणार, त्या दिवशीचं रेकॉर्डिंग सगळ्यांनी बघायचं, म्हातारी किती वेळ एकटी होती ते मोजायचं आणि मग मी खाली मान घालून सही करायची. आणि रेकॉर्डिंग तुझ्या कॉम्प्युटरवर दिसेना, तेव्हा मामाला काय सांगितलंस? दादानेच वायर कापली असणार. अरे, चाळीस वर्षं मी लोकांच्या घरातले पाइप जोडत आलो. कापाकापी आपल्या घराण्यात कोण करतं ते मला बोलायला लावू नकोस.

कॅमेरे कोणी बसवले? तू. दोन वर्षांपूर्वी आलास, दीड दिवस राहिलास, त्यातला एक दिवस भिंतींना भोकं पाडण्यात घालवलास. हॉलमध्ये एक, स्वयंपाकघरात एक, दारावर एक. रेकॉर्डिंगचा तो डीव्हीआर कपाटावर, त्याच्या शेजारी नेटचा राउटर, दोन्हींची बटणंही वरच. मी तेव्हाच म्हटलं होतं, खाली ठेव, हाताला येईल असा. मी कुठलाही कॉक हाताला येईल असाच बसवतो, कारण पाणी तुंबतं तेव्हा माणसाला शिडी शोधायला वेळ नसतो. तू म्हणालास, दादा, वर रेंज चांगली मिळते, तुला त्यातलं कळत नाही. बरं. नाही कळत. मग दोन वर्षं तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकल्यास. दादा, दुपारी आईच्या अंगावर पांघरूण का नाही? दादा, गॅसजवळ फडकं का ठेवलंय? दादा, तू आज बनियनवर हॉलमध्ये का बसलास? माझ्या घरात मला शर्ट घालून बसायला लावलंस तू.

आता त्या नेटचं. आई पडली तेव्हा राउटरही खाली आला आणि फुटला. पडताना तिने आधाराला वायर धरली असेल, असं मी धरून चाललो. ती म्हणाली, पाणी प्यायला उठले, पाय घसरला. हॉस्पिटलच्या धावपळीत कोण विचार करत बसतो? शुक्रवारी नेटवाल्याने नवा राउटर आणून लावला, मी तो खाली टेबलावर ठेवून घेतला. आईचा मोबाइल लागला, घरातला तो तुझा जुना कॉम्प्युटर लागला, पण डीव्हीआर काही दिसेना. ना तुला तिकडे, ना मला इथे. आपल्या टीव्हीला त्याची वायर लावायला भोकच नाही. तू फोनवर एकच मंत्र म्हणत होतास, बंद करून चालू कर. मी बंद करून चालू केला. तू म्हणालास, परत कर. बावीस वेळा केला. डीव्हीआर कंपनीच्या मदतकेंद्राच्या बाईने तेविसाव्यांदा करायला लावला आणि वर विचारलं, काका, आमच्या सेवेने समाधानी आहात का. मी काय उत्तर दिलं ते तुझ्या वहिनीने आतून ऐकलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. पाणी येत नसलं की बोंबलत बसायचं नसतं. टाकीपासून नळापर्यंत एकेक जोड तपासत यायचं. वायर तपासली, चांगली. भोक बदललं, तेच. डीव्हीआरचा दिवा लुकलुकतो, म्हणजे जीव आहे. राउटरचाही लुकलुकतो. दोघं शेजारी, मध्ये धडधाकट वायर, आणि तरी एकमेकांना ओळख देत नाहीत. आपल्यासारखंच म्हटलं. शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या बाईंकडे गेलो. त्यांच्या दुकानातलं तुंबलेलं बेसिन मी मोकळं करून दिलं होतं, त्या माणुसकीने बोलतात. त्यांनी पावतीच्या पाठीमागे समजावून दिलं. प्रत्येक यंत्राला घरनंबर असतो. राउटर म्हणजे गल्ली. जुन्या राउटरची गल्ली वेगळी, नव्याची वेगळी. मोबाइल आणि कॉम्प्युटर गल्ली बदलली की आपोआप नवा नंबर घेतात. पण तुमच्या भावाने डीव्हीआरला जुन्या गल्लीतला नंबर कायमचा ठोकून ठेवला असणार. तो बिचारा अजून जुन्या पत्त्यावर बसलाय, म्हणाल्या. टपाल नव्या गल्लीत फिरतंय.

म्हणजे दोष वायरीचा नव्हता, माझा नव्हता. तुझ्याच हाताने ठोकलेला नंबर. चोर सोडून संन्याशाला सुळी! त्या दिवशी मी रस्त्याने शीळ घालत घरी आलो. म्हटलं, आता रेकॉर्डिंग काढतो, मामासमोर लावतो, मी चार तास बाहेर होतो की चाळीस मिनिटं ते सगळे बघतील. चाळीस मिनिटंच होतो रे. पलीकडच्या बिल्डिंगीत टाकीचा व्हॉल्व्ह बदलायला गेलो होतो. काम पंचवीस मिनिटांत झालं, मग चहाला थांबलो आणि पंधरा मिनिटं नको त्या गप्पा मारल्या. ती पंधरा मिनिटं माझी. ती मी कोणावर ढकलत नाही. तुझी वहिनी तिच्या शिवणवर्गाला असते, दुपारी घरी मीच असायला हवा होतो.

पण घरी येता येता एक गोष्ट टोचायला लागली. बाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या, चित्र बाहेरगावी जातं ते राउटरमधूनच, तो नसेल तर डीव्हीआर आपल्याशीच रेकॉर्ड करत बसतो. मी जिन्यातच थांबलो. त्या दुपारी तू मला फोन केलास. दादा, कुठे आहेस, पळ, आई पडलीय. नंतर सगळ्यांना सांगितलंस, मी कॅमेऱ्यात बघितलं म्हणून कळलं. मामा तर अजून गोडवे गातो, बघा, धाकटा परगावी राहून लक्ष ठेवतो आणि थोरला शेजारी राहून झोपतो. पण राउटर तर तिच्याबरोबरच खाली येऊन फुटला होता. मग ती जमिनीवर पडलेली तुला दिसली कुठून? आणि दुसरं. पाणी प्यायला उठलेल्या बाईच्या हाताला कपाटावरची वायर लागतेच कशी? तिथे माझा हात पोचत नाही, मला स्टूल लागतं.

शनिवारी, म्हणजे आजच, सकाळी मी बाईंच्या पावतीवर लिहिल्याप्रमाणे केलं. डीव्हीआर खाली उतरवला, एक वायर सरळ कॉम्प्युटरला लावली, कॉम्प्युटरला तात्पुरता जुन्या गल्लीतला नंबर दिला. पासवर्ड तू डब्याच्या बुडाला पेनाने लिहून ठेवलायस, शिकलेला माणूस ना तू. लागला एका झटक्यात. मी तो मंगळवार उघडला.

आवाज नाही त्याला. आई खुर्चीत बसलीय. मोबाइल वाजला असावा, ती उचलते, हसते. अशी ती फक्त एकाच माणसाच्या फोनला हसते, तो मी नव्हे. मग मान हलवते, वर कपाटाकडे बघते. मोबाइल कान आणि खांद्याच्या मध्ये दाबते, स्टूल ओढत आणते. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, बारक्या. पदर खोचून चढली. पुढचं लिहीत नाही. मोबाइल लांब जाऊन पडला आणि जमिनीवर उजळत राहिला. तू परत परत लावत होतास. सहा मिनिटं उजळत होता, ती त्याच्याकडे हात लांबवत होती. मग विझला, आणि तू मला लावलास.

मी मागचे दिवसही बघितले. एकदा नाही, त्या आठवड्यात पाच वेळा चढली ती. दर वेळी मी बाहेर असताना. तुझं चित्र अडकायचं आणि तू तिला सांगायचास, बंद करून चालू कर. चढ असं तू म्हणालास की नाही मला माहीत नाही. पण राउटर कुठे आहे ते तुला माहीत होतं, तूच ठेवला होतास. त्याच्या आधीच्या चारही वेळा ती खाली उतरून कॅमेऱ्यासमोर उभी राहिलीय, पदर सारखा केलाय आणि हात हलवलाय. दिसते का मी, असं विचारत असणार.

मी तिला विचारलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, त्याला बोलू नकोस, लहान आहे तो. शेहेचाळीस वर्षांचा लहान! तुझ्या डोक्यावरचे केस गेले तरी तिच्या लेखी तुझं लहानपण काही जात नाही. म्हणे, त्याने नको म्हटलं होतं, मीच चढले. खरं बोलते की तुला सांभाळते, कोण जाणे. पंचवीस दिवस ती हाड मोडून पडलीय आणि तुझ्यासाठी पाणी प्यायला उठल्याची गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगतेय, त्यात दर वेळी तांब्याही निराळा असतो. आणि तू तिच्याच जिवावर माझ्या नावाने खडे फोडतोयस. ते रेकॉर्डिंग तुला एवढं घाईने का हवं होतं, मामाला दाखवायला की मामाच्या आधी पुसायला, ते मी विचारणार नाही. उत्तर ऐकून मला पुन्हा तुझ्याशी बोलावंसं वाटलं नसतं.

तर पत्राचं कारण एवढंच. डीव्हीआर दुरुस्त झालाय. त्याला नव्या गल्लीतला नंबर दिला, तो आज अकरा वाजल्यापासून ठणठणीत चालतोय. तुझ्याकडे दिसत नाही, कारण आता वायर खरोखरच मी काढून ठेवलीय. त्या डब्यात तीस दिवसांचं मावतं, मग जुनं आपोआप पुसून नवं चढतं. गुरुवारी तो मंगळवार जाईल. बाई म्हणाल्या, पेनड्राइव्हवर काढून देते, पाच मिनिटांचं काम. मी नको म्हटलं. तू काय करायचं ते ऐक. हे पत्र मिळालं की मामाला फोन कर आणि आपल्या तोंडाने सांग की आई दादाकडेच राहील. कारण काय सांगायचं ते तू बघ, बोलण्यात तू हुशार आहेस. फॉर्म फाडून टाक. रविवारी यायचं तर आईला भेटायला ये, हिशेब मागायला येऊ नकोस, आणि दीड दिवसापेक्षा जास्त राहा. शुक्रवारी सकाळी मी वायर परत लावतो. आई कॉटवर असेल, मी तिला सांगेन कॅमेरा सुरू झालाय, ती हात हलवेल. तेवढं बघ. तो मंगळवार तुझ्या डोळ्यांना नको. आईला पडताना घरातल्या एकाने पाहिलं, पुरे झालं.

तुझाच, नाइलाजाने,
दादा