नवी कात्री

खारूताई,

बाळाला बघायला मी आलो नाही म्हणून तू रडलीस, असं तुझी आई सांगत होती. बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केल्याचा राग त्यांनी अजून धरलाय, असं तुला वाटतं. तुझ्या आईलाही मी तेच सांगून ठेवलंय.

राग केव्हाच गेला गं. मला दर वीस मिनिटांनी लघवीला जावं लागतं. दुकानात गिऱ्हाइकाच्या एका गालावरून वस्तरा फिरवतो, आणि दुसऱ्या गालावरचा फेस वाळेपर्यंत मी संडासात. परवा मास्तर अर्ध्या दाढीनेच उठून समोरच्या दुकानात गेले.

डॉक्टर म्हणाले, "प्रोस्टेट वाढली असेल, नाहीतर साखर. तपासून घ्या." मी शहाण्याने तपासणी टाळली आणि पाणीच तोडलं. आता जळजळही होते आणि फेऱ्याही तेवढ्याच.

तरी निघालो होतो. बाळाचे पहिले केस मीच कापणार म्हणून नवी कात्रीसुद्धा घेतली होती. ड्रायव्हरने दोनदा बस थांबवली. तिसऱ्यांदा म्हणाला, "काका, आता पुढच्या गावीच." ते गाव येईपर्यंत पँट ओली झाली. शेजारची बाई उठून उभी राहिली. मी तिथूनच परत फिरलो.

हे तुला कोणत्या तोंडाने कळवू? पत्र पोस्टात न टाकता कात्रीच्या डबीतच ठेवतोय. बाळाचे केस तिकडेच कुणाकडून तरी कापून घे. कानामागे जपून कापायला सांग, बाळं मान फिरवतात.

तुझा,
रागावलेला बाप